कलमाखालचा फुटवा

फ्लोरिडातील क्लेरमाँट गावी २२६ फूट उंच सिट्रस टॉवर आहे. तो १९५६ साली खुला झाला. आपल्या नागपूरच्या धम्मदीक्षेचेच ते वर्ष. तेव्हा मनोऱ्यावरून चहूकडे संत्र्याच्या बागाच दिसत. डिसेंबर १९८३, जानेवारी १९८५ आणि डिसेंबर १९८९ च्या गोठवणाऱ्या थंडीने त्या गेल्या. आज तिथे घरांच्या वसाहती आहेत.

गोठलेल्या झाडावर जाणता बागाईतदार लगेच करवत चालवत नाही. फांदी कुठवर वाळली हे कळायला काही महिने लागतात. मग बुंध्यातून हिरवे फुटवे येतात आणि माणूस हरखतो. फसगत इथेच होते. कलमाच्या जोडावरचा फुटवा संत्र्याचा. जोडाखालचा खुंटाचा, काटेरी, जोमदार आणि आंबट फळाचा. वर जीव असेल तर खालचे फुटवे खुडायचे. नसेल तर खुंटावर पुन्हा डोळा भरायचा. म्हणूनच थंडीआधी लहान झाडांच्या जोडावर मातीची भर देतात.

काटोल-वरूडकडची आपली संत्रीही जंबेरीच्या खुंटावर डोळा भरूनच तयार होतात. बंधू-भगिनींनो, गोडी मुळाच्या जातीतून येत नाही, भरलेल्या डोळ्यातून येते. पण तो डोळा राखावा लागतो. बाबासाहेबांनी दिलेला धम्म घराघरांत राखला नाही, तर लग्नकार्यात, सणावारात जुन्या रूढींचे फुटवे आपोआप वर येतात. ते हिरवे दिसले तरी वेळीच खुडावेत.