आषाढाचे दोन पहिले दिवस

आषाढाचा पहिला दिवस वर्षातून एकदाच येतो, अशी माझी साठी उलटेपर्यंत समजूत होती. गतवर्षी उज्जैनहून परत आल्यावर ती दूर झाली.

आमची धाकटी कन्या उज्जैनास दिली आहे. तिच्या सासरचे पूर्वज राणोजी शिंद्यांच्या काळी माळव्यात गेले व तेथलेच झाले. घरात अद्याप मराठी बोलतात. भांडण मात्र हिंदीत करतात. नागपूरच्या ज्येष्ठातून सुटका व्हावी म्हणून मी महिनाभर तिकडे जातो. दिवसाचे ऊन तेथेही काही कमी नाही, परंतु त्या पठारावरची रात्र निराळीच. गच्चीवर अंथरूण घातले आणि पहाटेचा वारा सुटला, की मनुष्य आपला प्रांताभिमान घटकाभर विसरतो, हे कबूल केले पाहिजे. सकाळी बशीत बडीशेप घातलेले पोहे व त्यांच्या शेजारी जिलबी दिसली, की तो पुन्हा जागा होतो.

अशाच एका सकाळी आमचे व्याही भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहून म्हणाले, "मास्तर, आज आषाढ लागला बरे!"

मी पिशवीतून माझे पंचांग काढले. त्यात ज्येष्ठ वद्य प्रतिपदा होती. दोन्ही पंचांगे खरीच होती. उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. शुक्लपक्षात उभयतांचे नाव एक. वद्यपक्ष आला की ते आपल्यापुढे एक महिना निघून जातात. म्हणून उज्जैनचा आषाढ आपल्याआधी पंधरा दिवस उगवतो. इतकी वर्षे संस्कृत शिकवून 'मेघदूता'तील तो सुप्रसिद्ध दिवस उत्तरेत कधी येतो, याचा मी विचारच केला नव्हता. (तो पहिला दिवस की अखेरचा, असाही एक पाठभेद आहे. वादाच्या वेळी मी तो मुद्दाम काढला नाही.)

"यक्ष रामगिरीवर होता, म्हणजे आमच्या रामटेकास," मी म्हणालो. "तेव्हा दिवस आमच्या पंचांगाचा धरावा."

"कवी कोठला? मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनी पाहायला लावणारा मनुष्य नागपूरचा असेल काय? शिवाय १९५६ पर्यंत तुमचे रामटेक मध्यप्रदेशातच होते!"

"होते, पण त्या वेळी तुमचे उज्जैन मध्यप्रदेशात नव्हते. ते मध्यभारतात होते."

व्याहीबुवा थोडे थबकले. खरे सांगावयाचे, तर या युक्तिवादात माझेही फारसे हित नव्हते. माझ्या वडिलांनी नागपुरातील एकाच घरात राहून मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० नंतर मध्यप्रदेश, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र असे चार प्रांत पाहिले. इतका प्रवास बूट न घालता कोणी केला असेलसे वाटत नाही.

अखेर मी ताम्रपटांकडे वळलो. दुसऱ्या चंद्रगुप्ताने, म्हणजे ज्यांना हे लोक आपला विक्रमादित्य म्हणतात त्यांनी, आपली कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भाच्या वाकाटक रुद्रसेनास दिली. तिला अकाली वैधव्य आले, तेव्हा मुलगे लहान असल्यामुळे तिनेच राज्य चालविले. आणि नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, रामटेकच्या पायथ्याकडेच आहे. "तेव्हा तुमच्या राजाने आमच्याकडे मुलगी दिली आहे. वरपक्षाचा मान आमचा," असे मी ऐटीने म्हणालो.

"आणि तुम्ही आम्हांकडे दिलीत. फिट्टंफाट झाली!"

चहा घेऊन आलेली कन्या हसली. "बाबा, पुरे. आमच्याकडे सकाळी सकाळी कोणी इतका वाद घालत नाही."

'आमच्याकडे' हा शब्द मी तिच्या तोंडून आजवर शेकडो वेळा ऐकला असेन. तो नागपूरविषयी असे. आमच्याकडे संत्री अशी, आमच्याकडे ऊन असे. तो नक्की केव्हा नर्मदा ओलांडून माळव्यात गेला, हे मला कळलेच नाही. एकोणीस वर्षे झाली लग्नाला, जावयाचाच होता. मी मुकाट्याने चहा घेतला. प्रभावतीने विधवा राणी म्हणून ताम्रपट लिहविले, त्यांत वंशावळ बापाची सांगितली आणि गोत्रही माहेरचेच दिले. ही गोष्ट मी वर्गात कौतुकाने सांगत असे. त्या दिवशी व्याह्यांना सांगितली नाही.

उत्तरेचा आषाढ जवळजवळ अर्धा करून मी निघालो. मेघाची वाट दक्षिणेकडून उत्तरेस, माझी उलट. नर्मदेच्या पुलावर डब्यातील मंडळींनी नाणी टाकली. कालिदासाने मेघाला आधी नर्मदा व मग क्षिप्रा दाखविली. २०१४ साली तिकडील सरकारने पंप बसवून नर्मदेचेच पाणी विंध्यावर चढविले व कोरड्या क्षिप्रेत सोडले. ज्या कामाला यक्षाला केवळ एक विनवणी पुरली, त्याला आता वीज लागते. इटारसीनंतर सातपुडा लागला. बैतूल गेले, तापीचे उगमस्थान मुलताई गेले, आणि पांढुर्णा येताच फलाटावरच्या बायका मराठीत बोलू लागल्या. प्रांताची हद्द अजून पुढे होती, पण भाषेला ती कोणी कळविली नव्हती. मी खिडकीतून विनाकारण एकीस, "पाऊस झाला काय हो?" असे विचारले. "कुठचा जी!" म्हणाली. एवढ्याने मला घरी आल्यासारखे वाटले.

आमच्या आषाढाच्या पहिल्या दिवशी मी रामटेकास गेलो. रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत महामहोपाध्याय मिराशी यांनी साधार मांडले आहे. छत्तीसगडातील रामगडाचे पक्षपाती ते मानीत नाहीत; त्यांचा समाचार पुढे केव्हा तरी घेऊ. डोंगरावर कालिदास-स्मारकापाशी बरीच गर्दी होती. खाली अंबाळ्याचे पाणी काळेशार दिसत होते. ढग होते; परंतु पश्चिमेकडून, म्हणजे जवळपास उज्जैनच्याच बाजूने, येत होते. कवीच्या सांगण्याप्रमाणे एकही तिकडे जात नव्हता.

मी भ्रमणध्वनी काढून कन्येस सांगितले, "आज खरा आषाढ लागला. येथून एक ढग पाठवावा म्हणतो."

"बाबा, आमच्याकडे काल संध्याकाळीच पडला," ती म्हणाली. "अंगण भरून वाहिले. मामंजी विचारताहेत, तुमच्याकडे आमचा ढग पोचला का?"

इतक्यात माझ्या चष्म्यावर दोन थेंब पडले. मी ते तिला सांगितले. मागून व्याह्यांचे हसणे स्पष्ट ऐकू आले.

"आणि कार्तिकात या," ती म्हणाली. "प्रबोधिनीला येथे कालिदास समारोह असतो."

यक्षाचा शापही प्रबोधिनीलाच संपतो. उतरताना पायऱ्यांवर पाऊस चांगलाच लागला, आणि छत्री मी उज्जैनासच विसरून आलो होतो.