ठराव कागदावर, वागणे घरात

समाजशास्त्रात आम्ही लापिएर यांचा १९३४ चा अभ्यास शिकलो. चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरताना २५१ हॉटेल-खाणावळींपैकी फक्त एकाने त्यांना नाकारले. पुढे पत्राने विचारले, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी 'चिनी लोकांना घेणार नाही' असे कळवले.

आपल्याकडे नेमके उलटे. १९२३ ला बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरी ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. वर सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले!

पण बोट फक्त त्यांच्याकडेच का? सेनगावात जयंतीच्या सभेत आम्ही आंतरजातीय विवाहावर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. महिनाभरात बहिणीला मातंग समाजातल्या शिकलेल्या मुलाचे स्थळ आले. आम्ही म्हणालो, "घरच्यांना विचारून कळवतो." घरच्यांना विचारले नाही. बहिणीला तर नाहीच.

मत फुकट असते, वागण्याला किंमत मोजावी लागते. म्हणूनच १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला नुसता विचार दिला नाही, २२ प्रतिज्ञा दिल्या.

आज बहिणीला विचारणार आहोत. मित्रांनो, तुमच्या घरातला कोणता ठराव अजून कागदावरच आहे?

जय भीम!