तहकूब हंगाम

इंग्लिश फुटबॉल लीगची जुनी कोष्टके चाळताना १९३८-३९ च्या लगोलग १९४६-४७ हा आकडा समोर येतो आणि मधली वर्षे कोणी दप्तरातून अलगद उपसून नेल्यासारखी वाटतात, तेव्हा मला ब्रिन जोन्स आठवतो.

वेल्समधल्या मर्थिर टिडफिल या लोखंडाच्या आणि कोळशाच्या गावी १९१२ साली जन्मलेला, काही काळ खाणीत राबलेला हा अबोल मनुष्य. ऑगस्ट १९३८ मध्ये आर्सेनलने वुल्व्हरहॅम्प्टनला त्याच्यासाठी १४,००० पौंड मोजले, तेव्हा ब्रिटनमध्ये तो उच्चांक ठरला आणि पार्लमेंटातही त्याची चर्चा झाली. ती रक्कम एका तिजोरीतून दुसरीत गेली. खेळाडूच्या आठवड्याच्या वेतनाची कमाल मर्यादा मात्र आठ पौंड! पोर्ट्समथविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला खरा, पण लीगच्या त्या साऱ्या हंगामात त्याचे गोल झाले अवघे चार. आणि किंमत ठरवणारे नामानिराळे राहून जिच्यावर ती चिकटवली त्या पाठीकडेच लोक जाब मागू लागले. वास्तविक तो दुसऱ्यांच्या पायांपुढे वाट मोकळी करून देणारा खेळाडू. असे कसब कोणत्या रकान्यात भरावे, हे कारकुनाला कधीच उमगत नाही.

रुळायला त्याला दुसरा हंगाम हवा होता. २ सप्टेंबर १९३९ रोजी आर्सेनलने संडरलंडचा ५-२ असा पराभव केला. दुसऱ्या दिवशी युद्ध पुकारले गेले, लीग तहकूब झाली आणि झालेले तीन सामनेही रद्दबातल ठरले. आर्सेनलचे हायबरीचे मैदान हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या कामी लागले, आणि सत्ताविशीतला जोन्स तोफखान्यात दाखल होऊन उत्तर आफ्रिका व इटलीच्या धुळीत गेला.

ज्या युद्धाने त्याचा खेळ हिरावला त्यानेच त्याची किंमत मात्र जपून ठेवली, कारण बाजारच गोठला होता. १९४७ मध्ये बिली स्टील या खेळाडूसाठी डर्बी क्लबने १५,५०० पौंड मोजले तेव्हा कुठे तो आकडा मागे पडला. तोवर जोन्स पस्तिशीचा झाला होता. १९४९ मध्ये तो नॉर्विचला गेला, आणि पुढे आर्सेनलच्या मैदानाजवळच त्याने वर्तमानपत्रांचे दुकान चालवले.