कर्जतला एकदा उतरून पाहा

मैत्रिणींनो, मुंबई-पुणे प्रवास तुमच्यापैकी पुष्कळजणींनी केला असेल. कर्जत आले की आपण काय करतो? खिडकीतून हात बाहेर काढून बटाटेवडे घेतो, पोरांच्या हातात एकेक ठेवतो आणि गाडी हलली की कर्जत विसरून जातो. वीस वर्षे मीही तेच केले. माहेर ठाण्याला, सासर पुण्याला. कर्जत म्हणजे मधला वडा!

गेल्या श्रावणात मात्र सासूबाईंनी हट्टच धरला. "एकदा मला कर्जतला उतरव गं." त्यांचे बालपण तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेले. वडील घाटातल्या इंजिनावर ड्रायव्हर होते. एरवी गुडघ्यांची तक्रार करणाऱ्या सासूबाई पुलाच्या पायऱ्या भराभर चढल्या, मीच मागे राहिले!

स्टेशनाबाहेर पडून पूर्वेला पाहिले आणि वाटले, इतकी वर्षे आपण डोळे मिटून प्रवास केला की काय! समोर सह्याद्रीची भिंत, तिच्यावरून उतरणारे पांढरे धबधबे, खाली पोपटी भातखाचरे आणि गढूळ, भरलेली उल्हास नदी. ढग जरा बाजूला झाले की राजमाचीची श्रीवर्धन आणि मनरंजन ही जोडशिखरे डोकावतात. त्यांच्या पायथ्याशी कोंढाण्याची दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत.

पण गावाचा स्वभाव घडवला तो रेल्वेने. इथून पुढे बोरघाटाचा चढ इतका उभा, की काही ठिकाणी सदतीस फुटांत गाडी एक फूट वर चढते. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. ती जोडायला गाडी थांबणार, गाडी थांबली की माणसाला भूक लागणार, म्हणून तो वडा! आता काही नव्या गाड्या बँकरशिवायही घाट चढतात.

उतरणाऱ्या गाडीची तर आणखी काळजी. तिला घाटात ठरल्या जागी थांबावेच लागते. ती न थांबली, तर चढावर नेलेल्या आडरुळावर वळवून तिचा वेग मोडण्याची सोय केलेली आहे. सासूबाई म्हणाल्या, "पावसाळ्यात बाबांची रात्रपाळी असली की आई झोपायची नाही. इंजिनाची शिटी ऐकू आली की मगच दिवा मालवायची."

ही वाट झाली कशी, ते ऐकाल तर थक्क व्हाल. काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली संपले. पंचवीस बोगदे खोदले. कड्यावर दोराने लोंबकळत माणसे सुरुंगाची भोके पाडत. १८६१ मध्ये चाळीस हजारांहून अधिक मजूर इथे राबत होते. त्यांत बायकाही होत्या, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या. पटकीने आणि अपघातांनी हजारो जीव गेले. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

एक नाव मात्र राहिले, आणि ते एका बाईचे. सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये हे काम घेऊन आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. परका देश, अर्धवट घाट. त्याची बायको अ‍ॅलिस बोटीत बसून परत जाऊ शकली असती. तिने कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतले, देखरेखीला जाणते इंजिनियर नेमले, आणि काम तडीस गेले.

मी ही हकीकत सांगितली तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "धड रडायलाही वेळ मिळाला नसेल बिचारीला. आणि त्या पाट्या वाहणाऱ्यांना तरी कुठे मिळाला असेल?"

दुपारी आम्ही खोपोलीच्या लोकलने पुढे गेलो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी छोटी स्टेशने, आणि मग खालापूर तालुक्यातले खोपोली. घाट होण्यापूर्वी गाडी इथेच संपायची. पुढे लोक पालखीतून किंवा पायी खंडाळ्याला चढत. नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि तळे पाहिले. टाटांचे वीजघर इथे १९१५ पासून आहे. डोंगरावरच्या तलावांचे पाणी खाली आणून वीज करतात आणि ते पुढे पाताळगंगेत सोडतात.

तुम्ही गेलात तर छत्री, टॉवेल आणि जाड तळाच्या चपला विसरू नका. पोरांना ओढ्यात मात्र उतरू देऊ नका. हा डोंगर देखणा आहे तसाच कठोरही आहे. याच तालुक्यात जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा झोपेतली माणसे गाडली गेली.

परतीच्या गाडीला मागून बँकर लागला आणि हलकासा धक्का बसला. इतकी वर्षे त्या धक्क्याने माझा चहा सांडायचा नि मी वैतागायची. या वेळी सासूबाईंनी खिडकीच्या गजाला हात जोडले. मीही जोडले.

वडा जरूर घ्या हो. पण एकदा तरी उतरून घ्या!