रेसचं इंजिन आणि मुलुंड चेकनाका

सचिनची लाल फेरारी आठवतेय ना? एप्रिल २००२ मध्ये त्याने पोर्ट ऑफ स्पेनला २९ वं कसोटी शतक काढून ब्रॅडमनशी बरोबरी केली आणि त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरच्या हातून त्याला फेरारी ३६० मॉडेना मिळाली. मग २००३ मध्ये कस्टम ड्यूटी माफीवरून रान पेटलं, शेवटी ड्यूटी फियाटने भरली, आणि २०११ मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. हा सगळा इतिहास पेपरवाल्यांनी चघळून चघळून चोथा केलाय. त्या गाडीच्या इंजिनाबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. म्हणून आजचा शनिवार त्याच्या नावाने.

३.६ लिटरचं व्ही-८, ताकद ४०० हॉर्सपॉवर, आणि ती मिळते ८५०० आरपीएमला. आपल्या साध्या गाड्या सहा-साडेसहा हजाराला हात टेकतात. एवढ्या वेगाने फिरायचं तर आतलं सगळं हलकं हवं, म्हणून कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे. क्रँकशाफ्ट फ्लॅट-प्लेन, म्हणजे जड काउंटरवेट कमी आणि पाय दाबला की इंजिन लगेच चढतं (बदल्यात थरथर जास्त). ऑइल खालच्या चेंबरमध्ये न ठेवता वेगळ्या टाकीत, कारण जोरात वळताना ते एका बाजूला जाऊन पंप हवा ओढायला लागला तर बेअरिंगचे बारा वाजणार. ही सगळी रेसिंगची विद्या. आणि तरीही ही गाडी वांद्र्याच्या सिग्नलला मुकाट उभी राहायची. मला विचाराल तर खरी करामत हीच!

कारण रेसचं इंजिन जसंच्या तसं रस्त्यावर आणता येत नाही. त्याचं आयुष्यच वेगळं. फॉर्म्युला वनमध्ये पूर्वी एकाच शनिवार-रविवारात इंजिनं बदलली जायची, म्हणून २००४ मध्ये 'एका रेस वीकेंडला एकच इंजिन' असा नियम करावा लागला. आतले गॅप इतके बारीक, की थंड असताना ते सुरूच करत नाहीत. आधी पाणी आणि ऑइल बाहेरून गरम करून घ्यायचं, मग स्टार्टर. सकाळी ८:१२ ची फास्ट पकडायची असेल तर विचार करा.

तरी लोकांनी हट्ट केलाच. फेरारीने १९९५ मध्ये एफ-५० काढली, १९९० च्या आपल्या फॉर्म्युला वन इंजिनाचा ३.५ लिटरचा व्ही-१२ वाढवून ४.७ लिटर केला. इंजिन थेट गाडीच्या कार्बन फायबरच्या सांगाड्याला बोल्ट केलेलं, त्यामुळे सगळी थरथर ड्रायव्हरच्या पाठीत. मर्सिडीजने २०१७ मध्ये एएमजी वन जाहीर केली, १.६ लिटरचं फॉर्म्युला वनचं हायब्रिड इंजिन घालून. रेसमध्ये हे इंजिन नुसतं उभं असताना ५००० च्या आसपास फिरतं. ते १२०० वर शांत चालवायचं आणि वर धुराच्या नियमात बसवायचं, यात पाच वर्षं गेली आणि गाडी २०२२ मध्ये बनायला लागली. एवढं करून ५०,००० किलोमीटरला इंजिन खोलावं लागणारच. ताकद होतीच हो. पाच वर्षं गेली ती माणसात आणण्यात.

अंधेरीच्या दिलीप छाब्रियांनी उलटा रस्ता धरला. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत त्यांनी 'अवंती' दाखवली. दिसायला अस्सल स्पोर्ट्स कार, इंजिन सीटच्या मागे, पण ते रेनॉचं रोजच्या गाडीतलं २ लिटर टर्बो. काहींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर तो शहाणपणा होता. मशीन आधीच रस्त्यावर तावून सुलाखून निघालेलं.

आता हे सगळं आजच का, तर माझा मुलुंडचा मित्र. त्याच्याकडे बाबांची होंडा सिटी आहे, १.५ व्हीटेक, २००२ ची, म्हणजे सचिनच्या फेरारीची समवयस्क. एमएच-०३. काका गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून याच्या डोक्यात एकच, या गाडीला रेस कॅम लावायचे, कॉम्प्रेशन वाढवायचं, मोकळा सायलेन्सर बसवायचा. घाटकोपरच्या एका गॅरेजवाल्याने पावणेदोन लाख सांगितले. "बाबांना तिचा आवाज फार आवडायचा रे," तो म्हणाला. यावर काय बोलणार?

पण कॅमचं गणित मेकॅनिकलवाल्याला टळत नाही. रेस कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वरच्या आरपीएमला त्याने इंजिन मस्त श्वास घेतं, पण खाली कुचमतं. आयडलिंग धडधडतं, ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा व्हॅक्यूम कमी होतो, दोन हजारच्या आसपासचा टॉर्क जातो. आणि एलबीएस रोडवर संध्याकाळी सातला आपण नेमके दोन हजारच्या खालीच तर जगतो! वर कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून नूतनीकरण करावं लागतं. तिथे अडकली तर बाबांची गाडी कायमची सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

मी त्याला एवढंच विचारलं, "तुला काकांचा आवाज हवाय की नवा?"

दोन दिवस फोन नाही. मला वाटलं चिडला. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन. म्हणाल्या, "अरे, ह्यांनी ती गाडी वीस वर्षं कधी चार हजारच्या वर नेली नसेल. मी शेजारी बसायचे ना, मला माहितीये." मित्राला हे ठाऊकच नव्हतं. १०६ हॉर्सपॉवरची गाडी, आणि त्यातली निम्मी ताकद कुणी कधी मागितलीच नाही.

शेवटी कॅम राहिले. नवे टायर, नवे ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, इंजिन माउंटिंग आणि कंपनीचाच नवा सायलेन्सर. खर्च पावणेदोन लाखांच्या बराच खाली. गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघं निघालो, काकू पुढे, मी मागे. ऐरोली पूल रिकामा होता. तिथे त्याने तिसऱ्यात पाय दाबला, काटा साडेपाच हजारच्या वर गेला आणि व्हीटेकचा तो दुसरा सूर लागला.

काकू क्षणभर दचकल्या. मग म्हणाल्या, "एवढं होतं होय हिच्यात?"