आधी जयंती, मग लंडन

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आईला विचारलं, यंदा कुठं जायचं? मी महाबळेश्वर धरून चालले होते. म्हणाली, "बाबासाहेब राहायचे ते लंडनचं घर बघायचंय." एवढं बोलून मिक्सर लावला. शेंगा चटणी.

४ फेब्रुवारी
१०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म.
१४ एप्रिलला जयंती, सोमवार. त्या दिवशी त्या दारात. ठरलं.

५ फेब्रुवारी
पौंड शंभराच्या वर. एफडी मोडावी लागणार.

९ फेब्रुवारी
टूरवाल्याकडे जाऊन आले. राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे, मोठा पाळणा. किंग हेन्रीज रोड म्हटल्यावर, "मॅडम, तिकडं आमची बस जात नाही."
आपलं आपणच जायचं.

१६ फेब्रुवारी
ब्रिटिश म्युझियम फुकट. नॅशनल गॅलरी फुकट. व्ही अँड ए म्युझियम पण फुकट. दादाचा पुण्याहून फोन: तिथली वाघनखं बघून या. म्हटलं, ती गेल्या जुलैपासून महाराष्ट्रातच आहेत, तीन वर्षांसाठी. तूच बघून ये.
बसचं तिकीट १ पौंड ७५ पेन्स, तासाभरात कितीही बस बदला. आईला जिने चढवायचे नाहीत. बसच.

२३ फेब्रुवारी
आई रात्री उठून बसली होती. "जयंतीला आपण सोलापुरात नसायचं?"
मी गप्प.
बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह काढलं. आजोबा तिथे राहून शिकले. आई सून म्हणून आली तेव्हापासून त्यांच्या तोंडून ऐकत आली. लंडनहून बाबासाहेब १९२३ मध्ये परतले. दोन वर्षांत आमच्या गावात वसतिगृह. हे मी आज पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिलं.

१ मार्च
व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. आईचा व्यवसाय? विडी कामगार, निवृत्त. मासिक उत्पन्न? पेन्शन हजारभर. खर्च कोण करणार? मुलगी. दहा वर्षांतले परदेश प्रवास? नाहीत.
आई विचारते, परत येणार का हे पण विचारलंय का? विचारल्यासारखंच आहे.

१० मार्च
शाळेत वेळापत्रक आलं. पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल. निकाल १ मेला. स्टाफरूममध्ये सगळ्यांची गावाकडची रिझर्व्हेशनं गेली. माझं लंडन गेलं.
घरी सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर चक्क हसू. "बरं झालं. जयंती इथं करू, मग जाऊ. घर काय पळून जातंय का?"

१२ मार्च
तारखा बदलल्या. मेचा पहिला आठवडा. तिकडे तेव्हाही वसंतच, आपल्याकडे मात्र चाळिशीच्या पुढचं ऊन. फी ११५ पौंड माणशी. भरली. तिकीट अजून काढलेलं नाही. व्हिसा आल्याशिवाय काढायचं नाही.

१९ मार्च
रंगपंचमी. आईने कागदाची फाईल कपाटात वर ठेवली, रंगाच्या भीतीने. उद्या पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस.

२० मार्च
पुणे. व्हिसासाठी बोटांचे ठसे.
काचेवर आईची चार बोटं. दिवा हिरवा होईना. काउंटरवरच्या मुलीने ओला कागद दिला. पुसून पुन्हा. मग अंगठे. मग पुन्हा उजवा हात. मुलगी आईची बोटं हातात घेऊन एकेक दाबून धरत होती. आई तिला म्हणाली, "विड्यांनी खाल्ली गं ती." शेवटी दिवा हिरवा झाला. मुलीनेच सुस्कारा टाकला.

२१ मार्च
हिथ्रो विमानतळ दिवसभर बंद. जवळच्या वीज उपकेंद्राला आग. आई टीव्हीसमोर. "आपण मेमध्ये जाणार, तोवर लागेल की लाईट."

३० मार्च
शेजारी गुढ्या. लंडनमध्ये आज घड्याळं एक तास पुढे. आता आपल्यात नि त्यांच्यात साडेपाच नाही, साडेचार तास.

९ एप्रिल
आजपासून व्हिसाची फी १२७ पौंड. आमचं आधी झालं. पेपर तपासणी सुरू.

११ एप्रिल
पासपोर्ट आले. दोघींचे शिक्के. आईने फोटोकडे बघून नाक मुरडलं.

१२ एप्रिल
तिकिटं काढली. मुंबईहून थेट. हॉटेल महागच. ५ ते ८ मे तिकडे महायुद्धाच्या विजयाची ८० वर्षं साजरी होणार. किंग्ज क्रॉसजवळ एक खोली मिळाली, लहान.

१४ एप्रिल
सकाळी आंबेडकर चौक. गर्दीत आईचा हात धरून. ओळखीच्या बायकांना ती सांगत सुटली, "आम्ही लंडनला जातोय, साहेबांच्या घरी." जय भीम, जय भीम.

२३ एप्रिल
काल पहलगामला हल्ला. वर्गात कुणी मोठ्याने बोललं नाही. ही वही काल उघडलीच नाही.

२४ एप्रिल
पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं. लांबच्या वाटेने जावं लागणार म्हणे. दादा म्हणतो, रद्द करा. आईला विचारलं. "लांबची वाट म्हणजे किती?" तास-दीड तास जास्त, मी अंदाजाने सांगितलं. "मग काय झालं."

२५ एप्रिल
शेवटचा पेपर.

२७ एप्रिल
सामान. कडक भाकरी, शेंगा चटणी चालते. तूप, पेढे, खवा नाही. दूध-मांसाचं काही नेता येत नाही. आईने दोन स्वेटर भरले. मी एक काढला. तिने परत भरला.

३० एप्रिल
क्रम ठरला. पहिला दिवस झोप. दुसऱ्या दिवशी चॉक फार्म, घर. तिथून पुढचं सगळं आईला झेपेल तसं. बाबासाहेब शिकले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स निदान बाहेरून. टॉवर ब्रिज बसमधून.

१ मे
सकाळी झेंडावंदन, निकाल वाटले. रात्री मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रविवारी नळाला पाणी येणार, टाकी भरायला शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली.