फिरते म्हणून स्थिर

चाकण–तळेगाव रस्त्यावरचे महाळुंगे आता शेतीपेक्षा कारखान्यांसाठी अधिक ओळखले जाते. (बालेवाडीलगतचे महाळुंगे ते निराळे.) सकाळी इथे रस्त्याच्या कडेला माणसांच्या दोन रांगा दिसतात. एक कामावर निघालेल्यांची, दुसरी रात्रपाळी संपवून परतणाऱ्यांची. आठवडा बदलला की रांगांतली माणसे बदलतात. माझे काही विद्यार्थीही या दोन्ही रांगांत आलटूनपालटून असतात.

नवकविता शिकवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षे वापरत आले होते : 'आधुनिक माणूस म्हणजे पोकळीत स्वतःभोवती गरगरत चाललेले, दिशा हरवलेले यान.' वाक्य मला आवडायचे. मुले ते वहीत उतरवूनही घेत. गेल्या वर्षी मात्र सीएनसी यंत्रावर काम करणारा तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, दिशा हुकू नये म्हणूनच फिरवतात ना ते?"

"पाहून सांगते," असे म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पाहिले, तेव्हा कळले की त्याचेच खरे होते. अवकाशात यानाला टेकायला काही नसते. सूर्यप्रकाशाचा दाब अत्यल्प असतो. पण न फिरणाऱ्या यानाला तो सतत एकाच बाजूने रेटत राहिला, तर यान हळूहळू कलते. तेच यान स्वतःभोवती फिरत असेल, तर त्याचा अक्ष सहजासहजी ढळत नाही. भोवरा फिरतो तोवर आरेवर उभा राहतो, त्यातलेच हे तत्त्व. शिवाय यानाच्या घडणीतल्या लहानसहान असमतोलाचा परिणाम प्रत्येक फेऱ्यात चहूकडे वाटला जातो. जमिनीवरचा भोवरा घर्षणाने थकतो. दूरच्या अवकाशात हवा नाही, जमीनही नाही. एकदा दिलेली फिरकी इंधनावाचून टिकून राहते. १९७२ साली निघालेले पायोनियर-१० मिनिटाला सुमारे पाच फेरे घेत, आपली अँटेना पृथ्वीकडे रोखून जात राहिले. त्याचा क्षीण संदेश जानेवारी २००३ पर्यंत आपल्यापर्यंत पोचत होता.

दुसरे कारण उन्हाचे. हवेवाचून ऊन आणि सावली एकमेकांत मिसळत नाहीत. एक बाजू तापत राहते, दुसरी गोठत जाते. म्हणून चंद्राकडे जाताना अपोलो-११ तासाला साधारण तीन फेऱ्यांच्या संथ गतीने फिरत ठेवले होते. निखाऱ्यांवर कणीस फिरवत भाजावे, तसे.

सगळीच याने अशी फिरत नाहीत. व्हॉयेजर फिरत नाही. त्याला लहान झोतांनी सावरावे लागते. आपले चांद्रयान-१ देखील फिरकीवर विसंबणारे नव्हते. नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राभोवती ते फार तापू लागले, तेव्हा त्याला सुमारे वीस अंशांनी वळवून आणि काही उपकरणे बंद ठेवून थंड करावे लागले.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटला तो आर्यभट. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत रॉकेटवरून सुटलेला, सुमारे ३६० किलो वजनाचा हा उपग्रह बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये, उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली घडला. महाळुंग्यातही पावलोपावली शेडच दिसतात. त्याला सव्वीस पैलू होते. वरचा आणि खालचा सोडून इतरांवर सौरघट होते. तो फिरे, म्हणून स्थिर राही. आणि फिरे, म्हणूनच एकेका पैलूला ऊन मिळे. चार-पाच दिवसांतच वीजपुरवठ्यातील बिघाडाने त्याचे प्रयोग थांबले. पुढे दोन रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र आले. ती नोट लहानपणी मी कितीदा हाताळली असेन. हे चित्रातले यंत्र का फिरत असावे, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

पुढच्या तासाला मी वर्गासमोर चूक कबूल केली. पण उपमेचा मोह सुटत नाही. मी त्या मुलाला म्हणाले, "म्हणजे तुझ्या फिरत्या पाळ्याही तुला स्थिरच करत असतील."

तो हसला. "यानाला घर्षण नसतं, मॅडम. आणि झोपही नसते."

वर्ग हसला. मला हसू आले नाही. एक्स्प्लोरर-१ ची हकीकत मी नुकतीच वाचली होती. १९५८ सालचा हा सडपातळ उपग्रह त्याच्या लांब अक्षाभोवती फिरवून सोडला होता. त्याच्या लवचिक अँटेना हेलकावत राहिल्या, त्यात फिरकीची ऊर्जा झिजली आणि तो कोलांट्या घेऊ लागला. तेव्हा नुसती फिरकी पुरत नाही. ती कोणत्या अक्षाभोवती आहे आणि आत काय झिजते आहे, हेही पाहावे लागते.

त्या दिवशी तास संपल्यावर मी हजेरीपत्रक उघडले. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात 'अनियमित' असा शेरा होता, आणि त्या शेऱ्यापायी त्याचे अंतर्गत चाचणीचे गुण अडले होते. मी गैरहजेरीच्या खुणा बोटाने मोजत गेले. एक आठवडा गैरहजर, दोन हजर. पुन्हा एक गैरहजर, दोन हजर. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो येऊ शकत नव्हता. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वेळेवर येत होता. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्रभर यंत्रापाशी उभा राहून थेट माझ्या तासाला येऊन बसत होता. संपूर्ण वर्गात इतकी नियमित हजेरी दुसऱ्या कुणाची नव्हती.

शेरा खोडला. चाचणी त्याच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पुन्हा घेतली.